राखून ठेवलेलं बोट

कापूस फुटला की लोकांना बरं वाटतं. मला हल्ली राग येतो.

शिंदखेड्याहून आमच्या शाळेच्या गावाकडे वळलं की सध्या दोन्ही अंगांना वावरं पांढरी दिसतात. सकाळी स्कूटीवर हाताला गार वारा झोंबतो. दव वाळायची वाट बघत बाया बांधावर बसलेल्या असतात. कुणी चूळ भरतंय, कुणी कमरेला ओटी बांधतंय. ओटी म्हणजे जुन्या लुगड्याची नाहीतर खताच्या गोणीची झोळी, वेचलेला कापूस पोटाशी साठवायला. त्या बायांच्या रांगेत माझा अर्धा वर्ग बसलेला असतो. मला बघून पोरं आधी आयांच्या पाठीमागे लपतात आणि मग हात हलवतात. मीही हलवते. दुसरं काय करणार? हजेरीपट तिथेच काढून बसावं असं कितीदा मनात येतं.

मी मूळची एरंडोलकडची. माझ्या लहानपणी हा हंगाम म्हणजे घरातला डोंगर होता. भाव चढेपर्यंत एक अख्खी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची आणि आम्ही भावंडं मोठ्यांची नजर चुकवून त्यात उड्या मारायचो. कापसाला वास असतो, हे शहरातल्या माणसांना सांगून पटत नाही. उन्हाचा वास, आणि त्याखाली सरकीचा जरासा तेलकट. अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जायची, त्यांची काळी सालं सोलताना बोटं पोळायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खाताना पाठ, मान, दंड सगळं खाजत असायचं. कापसाच्या घरात अंग खाजतंच. त्याला इलाज नाही.

माझ्या वर्गात ती खाज अजून आहे. पोरांच्या स्वेटरला पांढरे धागे, केसांत पुंजके, आणि सगळा वर्ग आपला खाजवतोय. पाढे म्हणताना खाजवतोय, प्रार्थनेला डोळे मिटून खाजवतोय. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडून विचारलं होतं, ‘‘मुलं आंघोळ करत नाहीत का, मॅडम?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, घरात सध्या कापूस राहतो. ही कोपऱ्यात राहतात.’’ साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

पण हे जुनं झालं. गेल्या वर्षीचा हंगाम मात्र अजून डोक्यातून जात नाही, आणि यंदाचा कापूस बघितला की तो पुन्हा वर येतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी शाळेत टॅबची खोकी आली. वर्ग डिजिटल करायचे, रोजच्या शिकवण्यात तंत्रज्ञान मिसळायचं, असा आदेश त्यांच्याबरोबर होता. मला मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी मात्र आदेशाचं शेवटचं पान आधी वाचलं. त्यावर लिहिलं होतं की साहित्याची मोडतोड झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची. आबा निवृत्तीला टेकलेले. त्यांचा चेहराच उतरला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कुऱ्हाड, विळे, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, ज्यावर घर चालतं त्या सगळ्याची पूजा होते. आबांनी टॅबची खोकी टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पोरांना खोबरं मिळालं. पूजेचा फोटो आबांनी कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला, तर त्यावर वरून लगेच उत्तर आलं, ‘‘अभिनंदन. तंत्रज्ञानाचा उत्तम स्वीकार.’’ आणि त्यानंतर खोकी लोखंडी कपाटात गेली. किल्ली आबांच्या करगोट्याला.

विळ्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विळा शेतात जातो हो. टॅब कुठे गेला?

मी भांडले. रोज भांडले. ‘‘सर, पोरांच्या हातात तर देऊ या. खेळू देत, चुकू देत.’’ आबा वाईट माणूस नाहीत, घाबरलेला माणूस आहेत. म्हणायचे, ‘‘बाई, अहो एक पडला तर माझी पेन्शन अडकवतील. तुमचं आपलं तोंड चालतं.’’ चालतं माझं तोंड. आजही चालतंय.

तेव्हा माझ्या चौथीत जागृती होती. तिची आई सुनंदा मजुरीनं कापूस वेचते आणि वडील ट्रॅक्टरवर असतात. हंगाम सुरू झाला की जागृती दुपारपर्यंत वावरात, कधी पूर्ण दिवस वावरात. सुनंदाला बोलायला गेले तर ती म्हणायची, ‘‘बाई, घर राहीसन काय करी ती? मन्हासंगे येस तं तेवढा हात लागस.’’ घरी राहून ती काय करणार, माझ्याबरोबर आली तर तेवढाच हातभार. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि तिकडे जाणारी एसटी आली तर आली. आमच्या गावातल्या पोरींची शाळा चौथीनंतर कागदावर चालते. पाय मात्र वावराकडे वळतात.

एकच वाट होती. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे. परीक्षा घेतात, पास झाली की राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच. सुनंदाच्या नवऱ्यानं मला शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, ‘‘पास व्हयनी तं धाडसू. नही व्हयनी तं मंग आमले आडवू नका.’’ पास झाली तर पाठवतो, नाही झाली तर आम्हाला अडवू नका. साधा, सरळ सौदा. मी कबूल केला, कारण पोरगी हुशार होती आणि मला भीती नव्हती.

वर्गात येत नाही तर वर्ग तिच्याकडे न्यायचा, असं मी ठरवलं. माझ्याकडे काय होतं? माझा फोन आणि माझा गळा. घरी स्वयंपाक आटपला की धडा बोलून रेकॉर्ड करायचे आणि सुनंदाच्या फोनवर टाकायचे. पुस्तकातली भाषा सोडून बोलायचे, कारण पुस्तकाची भाषा या पोरांना परक्या घरच्या पाहुण्यासारखी वाटते. त्यांच्या घरी ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’. मी एरंडोलकडची, मला ती बोली येते. नोकरी लागली तेव्हा मुद्दाम विसरले होते, ती पुन्हा काढली.

एका दुपारी मी मुद्दाम वावरात गेले. पऱ्हाटीच्या ओळींमधून माझाच आवाज येत होता. सुनंदानं फोन ओटीच्या गाठीत खोचलेला, आवाज मोठा केलेला, आणि आजूबाजूच्या सगळ्या बाया वेचता वेचता ऐकत होत्या. माझा आवाज विचारत होता, ‘‘वावरमा बारा बाया शेतस, चार झाडखाले बसन्यात, तं कापूस येचाले कितल्या राह्यन्यात?’’

‘‘आठ,’’ जागृती हात न थांबवता म्हणाली.

शेजारच्या ओळीतल्या जनाअक्का, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वेचणाऱ्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘‘पन त्या चार काबरं बसन्यात? सरपंचना घरन्या व्हतीन.’’

सगळं वावर हसलं. मीही हसले. त्या दिवशी मला वाटलं की हेच ते. तंत्रज्ञान रोजच्या शिकवण्यात मिसळणं म्हणतात ते हेच, दुसरं काही नाही. एक साधा फोन, मातीनं भरलेला, कोपऱ्यात काच तडकलेली, आणि त्यातून गणित वावरात चाललंय. जागृती भागाकारही शिकली तो पऱ्हाटीत. उताऱ्यावरचे प्रश्न, दिशा, घड्याळ, सगळं तिथेच शिकली. बाकीच्या पोरांच्या आयांनीही मग ते धडे मागून घेतले.

मी आनंदानं हे एका प्रशिक्षणात सांगितलं. धुळ्याला झालं होतं ते, गारेगार हॉलमध्ये. शिकवायला आलेल्या ताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘छान. पण हे मान्यताप्राप्त साहित्यात बसत नाही. आणि बोलीतून नको, मुलांना सवय लागेल.’’ सवय लागेल म्हणे! आईच्या दुधाचीही सवय लागते की. मग त्यांनी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात एक गोरीपान बाहुली जलचक्र शिकवत होती, हिरव्यागार डोंगरात, धो धो धबधब्याखाली. आमच्या शिंदखेड्यात एप्रिलमध्ये टँकर येतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्या खात्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

परीक्षेची तारीख आली ती ऐन वेचणीत. ती परीक्षा टॅबवर होणार होती.

मी आबांना म्हटलं, निदान आता तरी कपाट उघडा, एक दिवस सराव करू द्या. आबा म्हणाले, परीक्षेचं सगळं भरून ते सीलबंद केलंय, तालुक्याहून माणूस येऊन उघडणार, आपण हात लावला तर कारवाई. म्हणजे ज्या वस्तूवर पोरांनी परीक्षा द्यायची, ती वस्तू पोरांनी परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा बघायची. पोहायची परीक्षा घ्यावी आणि विहीर त्याच दिवशी दाखवावी, अशातली गत.

त्या सकाळी सुनंदानं जागृतीला चापून तेल लावून, दोन वेण्या घालून आणलं. पोरीच्या अंगावर धुतलेला गणवेश, केसांत अबोली. तालुक्याहून आलेला माणूस तरुण होता, बोलायला बरा होता. त्यानं टॅब बाहेर काढले, सुरू केले, आणि आधी फोटो काढले. जागृतीला पुढे बसवलं, कारण ती हसरी. ‘‘बोट स्क्रीनवर ठेव. हां, आता इकडे बघ. हस.’’ ती हसली. मग त्यानं मला बाहेर जायला सांगितलं, कारण वर्गशिक्षिकेनं आत थांबायचं नाही असा नियम. पोरांनी स्वतःच्या बोटानंच उत्तर दाबायचं, असाही नियम.

मी खिडकीबाहेर उभी राहिले. कडुनिंबाखाली सुनंदा बसली होती, त्या दिवसाची मजुरी सोडून.

खिडकीतून मला जागृतीची पाठ आणि उजवा हात दिसत होता. ती प्रश्न वाचायची, लगेच बोट ठेवायची, आणि थांबायची. पुन्हा ठेवायची. पुन्हा थांबायची. मग जोरात दाबायची. त्या माणसाचा आवाज आला, ‘‘दाब की बाळा. वेळ चाललाय.’’ तिनं गणवेशाला बोट पुसलं आणि पुन्हा दाबलं. बाकीच्या पोरी, म्हणजे दुकानदाराची मुलगी, ग्रामसेवकाची मुलगी, भराभर पुढे जात होत्या. मला वाटलं हिला प्रश्न अवघड जातायत. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते आणि मला आत जाता येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. गोंधळलेली होती. म्हणाली, ‘‘बाई, मी दाबं. बठ्ठं येत व्हतं. पन तो लेतच नही.’’

मी तिचा हात हातात घेतला. तो हात तर मी रोजच बघत होते, पण त्या दिवशी बोटांकडे बघितलं. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं, सगळी टोकं चिरलेली, त्यावर सुकलेली खपली, त्यावर पुन्हा चिरा, कातडं वाळून कडक झालेलं. मी माझा फोन काढून तिच्यापुढे धरला. तिनं अंगठा ठेवला, फोन गप्प. शेजारचं बोट, गप्प. मधलं, गप्प. अनामिका दोनदा दाबल्यावर एकदा. आणि मग तिनं करंगळी टेकवली, आणि पडदा लगेच उघडला.

ती हसली. नवीन काही सापडल्यावर हसते तशी. ‘‘बाई, ही चालस.’’

करंगळी कापसाला लागत नाही. वेचताना ती बाजूला राहते. त्या पोरीच्या हातावर कामाला न लागलेलं तेवढंच एक बोट होतं आणि त्या यंत्राला तेवढंच ओळखू आलं. सुनंदा उठून जवळ आली होती. तिनं स्वतःची बोटं माझ्या फोनवर एकेक करून ठेवून बघितली आणि मग पदराखाली घेतली. मला त्या क्षणी जी चीड आली ती अजून गेलेली नाही आणि जाऊही नये.

मी त्या माणसाकडे धावले. तो सामान भरत होता. त्याला खरंच वाईट वाटलं, पण म्हणाला, ‘‘मॅडम, वेळ संपला की पेपर आपोआप जातो. माझ्या हातात काही नाही.’’ मग निकाल घेऊन मी तालुक्याला गेले. तिथल्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, तोंडी घ्या, कागदावर घ्या, माझ्यादेखत नको, तुमच्यादेखत घ्या, पण पोरीला एकदा विचारा तरी. साहेबांनी ऐकलं. चहा मागवला. आणि म्हणाले, ‘‘मग मॅडम, तिनं करंगळीनं दाबायचं ना.’’

मी चहा तसाच ठेवला. खरं सांगते, आयुष्यात इतका राग मला नवऱ्याचाही आलेला नाही.

‘‘सिस्टीम बंद झालीय आता,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या वर्षी पाचवीतल्यांना अजून एक संधी आहे. द्या तिला बसवून.’’ बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे हात केला. कार्यालयाच्या भिंतीवर नवा फ्लेक्स लागला होता. वर मोठ्या अक्षरांत डिजिटल शाळेचं कौतुक, आणि खाली दोन वेण्यांची, अबोली माळलेली माझी जागृती, टॅबवर बोट टेकवून हसताना. तिच्या निकालात त्याच बोटानं दाबलेल्या प्रश्नांपुढे ‘उत्तर दिले नाही’ असं ओळीनं लिहिलेलं होतं.

तो फ्लेक्स अजून आहे. उन्हानं तिचा चेहरा फिका पडलाय. शिंदखेड्याचं ऊन कुणालाच सोडत नाही.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही जुन्या वळणाच्या, तुम्हाला नवं काही नको असतं. कपाळ माझं. नवं कुणाला नकोय? मला तर ते कपाटातून बाहेर हवंय. पडू दे, फुटू दे, त्यावर मातीचे, शेंगदाण्याच्या कुटाचे, कापसाच्या चिकाचे हात लागू देत. वस्तू आणायच्या आधी ज्याच्यासाठी आणायची त्याचे हात कुणीतरी एकदा बघून यावेत, एवढंच माझं म्हणणं. चपला घेतानासुद्धा आपण पाय बघतो. इथे ठरवणारे धुळ्यात बसतात, त्याहून वरचे आणखी वर बसतात, त्या सगळ्यांची बोटं मऊ असतात, आणि कुणाच्या मनातही येत नाही की जगात दुसऱ्या तऱ्हेची बोटं आहेत.

जागृतीचं नाव आता पाचवीत, पुढच्या गावच्या शाळेत आहे. एसटी येते तेव्हा ती जाते. हंगाम लागल्यापासून गेलेली नाही. मी अजून धडे बोलते, आता पाचवीचे, आणि सुनंदाच्या फोनवर पाठवते. परीक्षा याच महिन्यात आहे. पुन्हा टॅबवर. कपाटाची किल्ली आता नव्या मुख्याध्यापकांच्या करगोट्याला आहे.

काल शाळा सुटल्यावर मी येताना त्यांच्या वावराशी थांबले. ऊन कलतं झालं होतं, कापसाचे गठ्ठे बांधावर येऊन पडले होते. जागृती ओळीच्या टोकाला होती. उंच झालीय. मला बघून आली, ओटी पोटाशी धरून, केसांत पांढरे पुंजके. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीला चिंधी गुंडाळलेली होती, पार पेरापर्यंत, वरून दोऱ्यानं आवळलेली.

‘‘काय लागलं गं?’’ मी विचारलं.

उत्तर सुनंदानं दिलं, मागून येत. ‘‘लागनं नही, बाई. ते बोट आम्ही कामले लावत नही. रातले खोबरानं तेल लावतस.’’ आणि मग, अगदी सहज, घरातली एखादी वस्तू दाखवावी तसं म्हणाली, ‘‘हाई परीक्षानं बोट शे.’’

मी वावरभर नजर टाकली. आणखी दोन पोरींच्या करंगळीला चिंध्या होत्या. माझ्या तिसरीतल्या पोरी त्या. त्यांच्या परीक्षेला अजून वर्ष आहे. त्यांच्यात एक अगदी लहानगी, दुसरीतली, जनाअक्कांची पणती, तिलाही कुणीतरी चिंधी बांधून दिली होती, मोठ्यांची बघून हट्ट केला असेल. चिखलानं मळलेल्या त्या बोटाकडे बघून मला ओरडावंसं वाटलं. बोटं चिरत असताना या आयांनी कधी चिंधी बांधली नाही. हात चिरायचेच, असं धरून चालल्या. आता बांधतात, ती त्या यंत्राला बोट ओळखू यावं म्हणून. आणि हे आम्ही त्यांना शिकवलंय. शिकवण्याच्या नावाखाली हे शिकवलंय.

लहानगी माझ्यापुढे येऊन हात वर करून उभी राहिली. तिची चिंधी सुटली होती.

‘‘बाई, बांधी द्या ना.’’

मी गाडी स्टँडवर लावली, तिचा हात हातात घेतला आणि चिंधी पुन्हा घट्ट बांधून दिली.